मुंडावळ्यांची वास्तुशांती

मार्च लागला की आमच्या आदिलाबादेत दोन गोष्टी तापतात, एक घरावरचे पत्रे आणि दुसरी परीक्षेची मुलं. पत्र्यांवर पाणी मारता येतं. मुलांचं काही करता येत नाही. इंटरची, म्हणजे बारावीची, परीक्षा जवळ आली की ती गच्चीवर चढतात, हातात पुस्तक धरून या कठड्यापासून त्या कठड्यापर्यंत चालतात आणि मोठ्यानं पाठ करतात. एका गच्चीवर तेलुगूत भौतिकशास्त्र, दुसरीवर इंग्रजीत हाडांची नावं, तिसरीवर उर्दूत इतिहास, आणि खाली गल्लीत आमची मराठी, या सगळ्यांना जरा हळू बोला म्हणून सांगणारी.

बाजाराच्या तोंडाशी माझं पूजेच्या साहित्याचं दुकान आहे, आणि त्याच्याच मागे घर. एरवी लोक माझ्याकडे देवासाठी येतात, मार्चमध्ये पेनासाठी येतात. पेनाला लावायला कुंकू लागतं, हॉलतिकिटावर ठेवायला फूल लागतं, पेपराच्या सकाळी फोडायला नारळ लागतो. बॉटनीसाठी कोणता धूप चांगला, असं एका पोरीनं मला अगदी गंभीरपणे विचारलं होतं. मीही तितक्याच गंभीरपणे तिला लोबान काढून दिला. बॉटनी शेवटी झाडांचं शास्त्र, आणि लोबान तरी काय, झाडाचाच डिंक.

यंदाही हेच चालू आहे. परवा दुपारी शेजारची मुलगी गच्चीवरून ओरडून पाठ करत होती, डीएनए, त्यापासून आरएनए, त्यापासून प्रथिन. एका जागी ती अडखळली. पुन्हा मागून आली, पुन्हा तिथेच अडखळली. तेव्हा आमच्या स्वयंपाकघरातून, कढईत झारा फिरवता फिरवता, माझ्या बायकोनं तिचं वाक्य पूर्ण करून दिलं. मी दुकानात निघालो होतो, तो दारातच थांबलो. मला तो मार्च आठवला ज्या मार्चमध्ये आमच्या घरात पेशी शिरली होती आणि वास्तुशांतीला मुंडावळ्या गेल्या होत्या.

माझी बायको मंगला तेव्हा एका खाजगी शाळेत बालवर्ग सांभाळत असे. बालवर्ग म्हणजे गाणी, मणी आणि नाक पुसणं. या तिन्ही विषयांत तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. पण शाळेला नवे मालक आले, आणि नव्या मालकांना नवीन काहीतरी करावंच लागतं. त्यांनी सगळ्या बायांना उभं करून सांगितलं की दोन वर्षांनंतरच्या जूनपासून जी इंटर पास असेल तीच वर्गावर राहील. मंगलाचं इंटर लग्नाच्या मांडवाखाली गाडलं गेलेलं. तिनं ते ओपन स्कूलमधून उकरून काढलं, एकेक विषय सोडवत आणला, आणि शेवटी बायॉलॉजीपाशी येऊन बसली. त्यात ती दोनदा नापास झाली होती. ही तिसरी खेप. या खेपेला विषय निघाला नाही तर जूनमध्ये तिची शाळा सुटणार होती. ती हे बोलून दाखवत नसे. पण त्या दिवसांत आमच्या घरात मीठ कधी दोनदा पडायचं आणि कधी पडायचंच नाही, त्यावरून मला कळत होतं.

दोन्ही वेळा तिला एकाच धड्यानं खाली ओढलं होतं. पेशी आपल्या आत लिहिलेला मजकूर वाचून प्रथिन कसं बनवते, तो धडा. इंग्रजीत त्या धड्याचं नाव ट्रान्सलेशन, म्हणजे भाषांतर. आणि गंमत अशी की पुस्तक इंग्रजीत, शिकवणी घेणारे सत्यम सर तेलुगूत, आणि मंगलाचं डोकं मराठीत. सत्यम सर निवृत्त शिक्षक, स्वभावानं लोण्यासारखे. कितीही अवघड गोष्ट सांगितली तरी शेवटी 'ईझी अम्मा' म्हणायचे. घरी आल्यावर मंगला म्हणायची, सर 'ईझी अम्मा' म्हणतात तेवढंच मला कळते.

मग एका दुपारी दुकानात गर्दी नसताना ती गल्ल्याशेजारी पुस्तक उघडून बसली होती. एक म्हातारी आली, तिनं पसुपु मागितला. मी डब्यातून पुडी बांधून दिली. तिच्या मागून बुरख्यातली एक बाई आली, तिला जखमेवर लावायला हल्दी हवी होती. मी त्याच डब्यातून पुडी दिली. मग खालच्या आळीतला एक जण आला, त्याला हळद हवी होती. डबा तोच. मंगला पुस्तकातून मान वर करून माझ्याकडे बघायला लागली. लग्नानंतर इतक्या वर्षांत तिनं माझ्याकडे असं पाहिलं नव्हतं. मी केसांवरून हात फिरवला.

"तुमी टीआरएनए हा," ती म्हणाली.

मला वाटलं ही एखादी नवीन शिवी असावी, शिकलेल्या माणसांना देण्यासारखी. पण तिचा चेहरा उजळला होता. तिनं मला समजावलं की टीआरएनए म्हणून पेशीत एक हमाल असतो. त्याच्या एका टोकाला अक्षरं कळतात आणि दुसऱ्या टोकाला माल धरलेला असतो. इकडून अक्षरं जुळली की तिकडचा माल हजर. एकाच मालाला दोन-दोन, चार-चार नावं असली तरी चालतात, पसुपु म्हणा, हल्दी म्हणा, शेवटी यायची हळदच. मी विचारलं, की मधे काय असतं, म्हणजे डोकं वगैरे? ती म्हणाली, डोकं नसते. मी हे कौतुक समजून घेतलं.

त्या दिवसापासून आमच्या दुकानाची पेशी झाली. मी सांगतो ते नीट ऐका, कारण पुढचा सगळा गोंधळ यावर उभा आहे, आणि खरं सांगायचं तर हे मला जितकं समजलंय तितकं सत्यम सरांनाही समजावता आलं नव्हतं.

मंगलानं शाळेतून चार रंगांचे मणी आणले. लाल, पिवळे, हिरवे, पांढरे. पेशीच्या लिपीतही अक्षरं चारच. आणि वाचायचं तीन-तीन करून, मधे जागा न सोडता. चार रंगांचे तीन-तीन मणी घेतले तर चौसष्ट शब्द होतात, आणि प्रथिनाचा माल असतो वीस प्रकारचा. म्हणून तिनं माझ्या दुकानातल्या वीस वस्तू निवडल्या आणि प्रत्येकीला मण्यांची नावं दिली. लाल-लाल-पिवळा म्हणजे हळद, लाल-लाल-हिरवा म्हणजेही हळद. मी ते सगळं पाठ केलं. या वयात मला चौसष्ट गोष्टी पाठ होतात हे कळल्यावर माझी छाती जरा पुढे आली, तिच्या पुढे पोट आधीपासून होतंच.

मूळ माळ तिनं देवघरातल्या खिळ्याला टांगली. ती तिथून हलवायची नाही, कारण पेशीतला मूळ मजकूरही गाभ्यातच राहतो. त्याची नक्कल तेवढी बाहेर येते. नक्कल केलेली दुसरी माळ घेऊन ती दुकानात बसायची. पेशीत वाचून जोडणारा कारागीर म्हणजे रायबोसोम, तो ती. ती वाचणार, तीन मणी, मग पुढचे तीन मणी. मी माल आणणार. ती तो आधीच्या मालाला गाठ मारून जोडणार. असं करत पुड्यांची एक लांब माळ तयार व्हायची, तेच प्रथिन. सुरुवातीचा शब्द ठरलेला असतो आणि त्याला माल पण ठरलेला, दर वेळी एकच. मंगलानं तिथे सुपारी ठेवली. कोणत्याही पूजेत आधी सुपारीचा गणपती मांडतात, मग बाकीचं. पेशीत तो पहिला माल पुष्कळदा काम झाल्यावर काढूनही टाकतात, असं तिनं सांगितलं तेव्हा मी हात जोडले. आपलं विसर्जन इतकं खोलवर पोचलंय हे मला ठाऊक नव्हतं.

तेवढ्यात भैंशाहून तिचा धाकटा भाऊ दिलीप आला. दिलीप जिनिंगमध्ये कापूस तपासतो. चिमटीत कापूस घेऊन तो ताणायचा, सुस्कारा सोडायचा आणि भाव पाडायचा, हे त्याचं काम. त्यामुळे त्याला कोणतीही वस्तू नुसती बघता येत नाही, चिमटीत घ्यावीच लागते. घरात आल्या आल्या त्यानं पडदा चिमटीत घेतला, मग माझा सदरा. आमचा खेळ पाहून तो हसून हसून पाटावर आडवा झाला. म्हणाला, "ताई, भाऊजीले डोकं नाई हे सांगाले तुले पुस्तक काऊन लागलं?"

त्याच सकाळी नेरडीगोंड्याहून सावित्रम्माचा फोन आलेला. सावित्रम्मा आमची जुनी गिऱ्हाईक, हायवेलगत त्यांची शेती आहे, आणि तिनं हौसेनं स्लॅबचं घर बांधलं होतं. दुसऱ्या दिवशी वास्तुशांती होती. तिनं सामान तोंडीच सांगितलं आणि दिलीप भैंशाला परत जाताना वाटेत देऊन जाईल असं ठरलं. मंगलाच्या डोळ्यांत चमक आली. खोटीखोटी पूजा किती दिवस बांधायची, आज खरीच बांधू, असं तिनं ठरवलं. तिनं सावित्रम्माचं सामान मण्यांत ओवलं, मूळ माळ देवघरात टांगली, नक्कल करून दुकानात आणली. आणि ती पाणी प्यायला आत गेली तेवढ्यात दिलीपनं ती माळ चिमटीत घेतली. मी पाहिलं, पण मला त्यात काही वाटलं नाही. तो सगळंच चिमटीत घेतो.

वाचन सुरू झालं. पहिले तीन मणी, सुपारी. मी सुपारी दिली. पुढचे तीन, आणि मी हात पुढे केला तो मुंडावळ्यांवर पडला.

"मंगला," मी म्हणालो, "वास्तुशांतीले मुंडावळ्या?"

"टीआरएनए बोलत नाई," ती म्हणाली. तिची नजर मण्यांवरून हलली नाही. "मी वाचून राह्यली. तुमी आणा."

मी आणल्या. पुढचे तीन मणी, काळे तीळ. हे तर श्राद्धाचं सामान. मी पुन्हा तोंड उघडलं, तर तिनं बोट वर केलं. मग जानवं आलं, मग पाळण्याला बांधायचं घुंगरू, मग दर्भ. दिलीप पाटावर बसून पुढचं काय येतंय ते कौतुकानं बघत होता, जसं काही तो जादूच्या प्रयोगाला आला होता. आणि ते थांबेना. पेशीत थांब म्हणणारे काही शब्द असतात, तिथे आलं की वाचन संपतं. आमचा तो शब्द मधेच कुठेतरी हरवला होता, त्यामुळे माळेच्या शेपटीला जे जास्तीचे मणी होते त्यांचंही सामान निघालं. सगळं संपेपर्यंत पुड्यांचं गाठोडं एवढं झालं की दिलीपनं ते दोन्ही हातांनी उचललं.

मंगला शेवटी सगळं सावित्रम्मानं सांगितलेल्या सामानाशी ताडून बघणार होती. पण बाहेर दिलीपला न्यायला आलेली जीप हॉर्न वाजवायला लागली, जीपवाल्याला पुढे निर्मळला काम होतं, आणि दिलीप गाठोडं घेऊन गेलासुद्धा. मंगला म्हणाली की तिला काहीतरी चुकल्यासारखं वाटतंय. मी म्हणालो, मला बोलायला परवानगी आहे का? ती म्हणाली, आता बोला. मी म्हणालो, आता बोलून काय उपयोग.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडतो न उघडतो तोच सावित्रम्माचा फोन. ती माझ्याशी नेहमी हिंदीत बोलते आणि रागावली की तेलुगूत जाते. त्या दिवशी ती हिंदीतच राहिली, यावरून मला कळलं की राग तेलुगूच्याही पलीकडे गेलाय.

"भाई," ती म्हणाली, "घर नया है. आदमी पुराना ही है. ये सेहरा किसको बाँधूँ?"

मागून कोणीतरी बाई खो खो हसली. पण मग सावित्रम्माचा आवाज खाली गेला. काळे तीळ आणि दर्भ पाहून भटजी पाटावरून उठले होते. तिच्या सासूनं तोंडाला पदर लावला होता. मुहूर्त दुपारी होता, आणि पाहुण्यांत कुजबुज सुरू झाली होती की या घराला काही लागलंय. एका बाईनं मोठ्या हौसेनं बांधलेलं घर, आणि त्यात पहिलं पाऊल टाकायच्या आधी आमच्या दुकानातून मुंज, लग्न, बारसं आणि शेवट असं माणसाचं अख्खं आयुष्य गेलं होतं. फक्त वास्तुशांती तेवढी गेली नव्हती.

मी मंगलाला हाक मारली. ती ऐकून घेऊन सरळ देवघरात गेली, मूळ माळ खिळ्यावरून काढली आणि नकलेशेजारी फरशीवर लांब करून ठेवली. दोन्ही माळा सुपारीपर्यंत सारख्या होत्या. सुपारीनंतरचा पहिला मणी नकलेत नव्हता. तिथून पुढे सगळं एकेका मण्यानं मागे सरकलं होतं. तिनं दिलीपला फोन लावला. तो म्हणाला, मणी ना, तो सुटून पडला होता, गाठ मारली मी परत. खिशात हाय, कापसाच्या नमुन्यासोबत.

"एका मण्यानं काय होते, ताई?" तो म्हणाला.

मंगलानं फोन ठेवला. मला वाटलं आता ती रडेल, किंवा मला झाडूनं मारेल, कारण दिलीप दूर होता. पण ती फरशीवर बसून त्या दोन माळांकडे बघत राहिली. मग म्हणाली, सामान काढा. मूळ माळ शाबूत हाय.

या वेळी मला बोलायला परवानगी होती, त्यामुळे सामान बरोबर निघालं. आम्ही मोटरसायकलवर निघालो. हायवेवर उन्हानं डांबर चकाकत होतं, दोन्ही बाजूंना पळस पेटलेला, आणि मागे बसलेली माझी बायको मोठ्यानं ओरडत होती. आधी मला वाटलं ती मला हळू चालवा म्हणतेय.

"ऐका. बबन गरम वरण ढवळ," ती म्हणाली.

"कोण बबन?"

"कोणी नाई. तीन-तीन अक्षरं हाय ना? आता चौथं अक्षर काढा. तीन-तीनच वाचा. बबन, रमव, रणढ, वळ." मग तिनं माझ्या खांद्यावर बोटानं टकटक केलं. "बबन बरोबरच येते. म्हणून कोणाले शंका येत नाई. सुपारी बरोबर आली ना आपली? त्याच्या मागून सगळं वाया गेलं."

मी म्हणालो की मला शंका आली होती. ती म्हणाली, तुमाले शंका यायची नसते, तेच तर त्या धड्यात लिहून हाय, आणल्या मालाचं पुढे काय बनणार हे आणणाऱ्याले ठाऊक नसते. बनवणाऱ्यालेही ठाऊक नसते. आणि तरी बनते. ती हे ज्या आवाजात म्हणाली तो आवाज मी आधी ऐकला नव्हता. इतके महिने ती तो धडा तोंडात घास अडकल्यासारखा म्हणायची. आता तो गिळला गेला होता.

तेव्हापासून माझ्या मनात कधी कधी येतं, की हे सगळं आत्ताही चालू आहे. मी इथे गल्ल्यावर बसून पान चघळतोय आणि माझ्या जिभेत, नखात, टकलावर उरलेल्या चार केसांत, कोट्यवधी ठिकाणी कोणीतरी तीन-तीन अक्षरं वाचतंय, कोणीतरी माल आणतंय, गाठ मारली जातेय. एकाचंही डोकं चालत नाही आणि सगळं मिळून माझं डोकं चालतं. थोडंफार.

नेरडीगोंड्याला पोचलो तर अंगणात बायका तोरण ओवत बसल्या होत्या. दोन आंब्याची पानं, एक झेंडू, दोन पानं, एक झेंडू. सावित्रम्मा दारातच उभी होती. मी मोटरसायकलवरून उतरल्या उतरल्या माफीचं भाषण सुरू केलं. मला भाषण चांगलं येतं, लोक थांबून ऐकतात. तिनं हात करून मला थांबवलं.

"आप बैठो," ती म्हणाली. "ये बोलेगी."

मंगलाचा चेहरा उतरला. तिचं तेलुगू भाजीबाजारापुरतं. वर्गात सत्यम सरांनी प्रश्न विचारला की ती पुस्तकात मान घालायची. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी डोळे मिटून घेतले, कारण मला वाटलं की मी काही बोललो तर पुन्हा काळे तीळ निघतील.

मग ती खाली बसली, बायकांच्या मधे. तिनं ओवत असलेलं तोरण हातात घेतलं. अर्धं तेलुगू, अर्धं हिंदी, आणि अडलं तिथे मराठी, पण बोलायला लागली. आपल्या अंगात, अगदी लहान-लहान घरांत, देवघरात एक माळ असते. ती बाहेर येत नाही. तिची नक्कल बाहेर येते. तिनं पानाफुलांवर बोट ठेवून वाचून दाखवलं, तीन-तीन करून. मग तोरणातून एक पान उपटलं आणि पुन्हा तिथून मोजून दाखवलं. पान, फूल, पान. पान, फूल, पान. फूल मधे यायला लागलं, सगळं तोरण वाकडं झालं. एक म्हातारी पुढे सरकली आणि तिनं स्वतः मोजून पाहिलं. तोंडाला पदर लावलेली सासूही जरा जवळ आली. आणि भटजी, ज्यांना आत थांबायला हवं होतं, तेही चौकटीतून मान काढून ऐकत होते.

सावित्रम्मानं ते उपटलेलं पान उचलून हातात फिरवलं. मग तेलुगूत म्हणाली, "ओक्कटी पोते अंता पोतुंदा?" म्हणजे, एक गेलं की सगळं जातं का?

मंगला म्हणाली, हो. पण घरातली मूळ माळ नीट असेल तर परत बनवता येतं. म्हणून सामान परत आणलं. घराला काही लागलं नाही, अक्का. मणी पडला.

सावित्रम्मानं ते पान तोरणात परत खोचलं. मग वळून सासूला आणि जमलेल्या पाहुण्यांना ठणकावून सांगितलं, की ऐकलं ना, मणी पडला, आता उठा आणि कामाला लागा. वास्तुशांती झाली. मुंडावळ्या सावित्रम्मानं परत दिल्या नाहीत. घरात पुतण्या लग्नाचा होता, त्याच्या नावानं ठेवून घेतल्या. आम्हाला जेवल्याशिवाय सोडलं नाही. भटजींनी मला बाजूला घेऊन विचारलं, की या विषयावर पुस्तक मराठीत मिळतं का.

परतताना इच्चोड्याच्या अलीकडे चहाला थांबलो तेव्हा मंगला म्हणाली की तिच्या वर्गात एक पोरगी आहे, खेळताना लवकर थकते, सांधे धरून बसते. तिला सिकलसेल आहे. आमच्या या भागात तो आजार घरोघरी नाही, पण गावोगावी माहीत आहे. मंगला म्हणाली, त्यात मणी पडत नाही, एक मणी बदलते फक्त. एकच अक्षर. त्यानं एकच माल बदलते, बाकी माळ तशीच. आणि रक्ताच्या पेशीचा आकार बदलून जाते. इतके दिवस ती पोरगी बसली की मी म्हणायची, ऊठ, खेळ. मले ठाऊकच नव्हतं की ती काऊन बसते.

चहा थंड झाला. मी दुसरा मागवला. त्या दुपारी मला पहिल्यांदा वाटलं की ही बाई पास व्हावी ती नोकरीसाठी नव्हे. पण नोकरीसाठीही व्हावी.

परीक्षेच्या दिवशी मी तिला केंद्रावर सोडलं आणि बाहेर पोरांच्या आयांमधे उभा राहिलो. त्या मला विचारत होत्या, तुमचं कोण आहे आत? मी म्हणालो, बायको. एकीनं मला आपली जागा सावलीत दिली. वेळ संपल्यावर मंगला बाहेर आली तेव्हा बोटांना शाई लागली होती आणि चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं. मी विचारलं, तो धडा आला का? म्हणाली, आला. आकृतीसह स्पष्ट करा.

"मग काय काढलं?"

"रायबोसोम काढला. माळ काढली. टीआरएनए काढला."

"बरा आला ना?"

"पोट जरा जास्त झालं," ती म्हणाली. "पेन्सिल घसरली."

मग समजलं की सगळ्या शास्त्रीय नावांच्या खाली तिनं एक ओळ मराठीतही लिहिली होती. का लिहिली, विचारलं तर म्हणे, तपासणाऱ्याले समजाले पायजे ना. मी कपाळाला हात लावला. तपासणारा तेलुगू की उर्दू की कोण, कुठे बसून तपासणार, काही पत्ता नाही. पुढचे कित्येक आठवडे मी कल्पनेत त्या तपासणाऱ्याला पाहत राहिलो, हातात लाल पेन घेऊन माझ्या पोटाकडे रोखून बघणारा.

निकाल लागला तो भर उन्हाळ्यात, पत्र्यांचा ताप डोक्यात चढलेला असताना. मंगला पास झाली. फार मोठ्या मार्कांनी नाही, पण बायॉलॉजीत व्यवस्थित. दिलीपनं भैंशाहून पेढे पाठवले. मंगलानं त्यातला एक फोडून आत काही आहे का ते पाहिलं, मग खाल्ला.

दुसऱ्या दिवशी तिनं इस्त्रीची साडी नेसली आणि मार्क्स मेमो, म्हणजे गुणपत्रिका, घेऊन शाळेत गेली. मी सोबत होतो, पण तिनं मला फाटकापाशी थांबवलं. मी कडुलिंबाखाली मोटरसायकल लावून बसलो. आत मालकांच्या खोलीचं दार उघडं होतं, पण काही ऐकू येत नव्हतं. मी माझं भाषण तयार ठेवलं होतं, लागलं तर. बऱ्याच वेळानं ती बाहेर आली. चालण्यावरून काही कळेना.

"काय म्हणाले?"

"बालवर्ग तुमचाच, म्हणाले."

"चला, सुटलो. मग इतका वेळ काऊन लागला?"

"मी म्हटलं, बालवर्ग नको. मले पाचवीचं सायन्स पायजे."

मी मोटरसायकलवरून उतरलो. "मग?"

"हसले ते."

"मग?"

"मी नाई हसली," मंगला म्हणाली, आणि मागच्या सीटवर बसून पदर खोचला. "चला. पुस्तकाच्या दुकानात घ्या गाडी. पाचवीचं पुस्तक घ्यायचं हाय."